द्रव्याची 'बहुता' आणि आपली खरेदी : इटियाडोह परिसरातून काही विचार

चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असतात : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत. वैद्याच्या गुणांवर आपण व्याख्याने देतो, रोग्याच्या गुणांवर प्रसंगी तक्रारही करतो. परंतु द्रव्याच्या चार गुणांपैकी पहिला गुण कोणता, असे एकदम विचारले तर आपल्यापैकी अनेकांना क्षणभर थांबावे लागेल. तो गुण आहे 'बहुता', म्हणजे द्रव्य पुरेशा प्रमाणात उपलब्ध असणे. योग्यता, अनेक कल्पना करता येणे आणि संपत्, म्हणजे रसवीर्यादी गुणांनी ते संपन्न असणे, हे तीन गुण त्यानंतर येतात.

हा क्रम सहज आलेला असो वा हेतुपूर्वक, त्यातील व्यवहार स्पष्ट आहे. उत्तम निदान झाले, योग्य कल्प सुचला, पण द्रव्य वेळेवर, पुरेसे आणि खरे मिळाले नाही, तर चिकित्सा तेथेच थांबते. आजचे व्यवस्थापनशास्त्र ज्याला खरेदी आणि पुरवठा साखळीचे व्यवस्थापन म्हणते, त्याचे बीज या एका शब्दात आहे. असे असूनही आपल्या औषधालयांतून आणि लहानमोठ्या फार्मसींतून खरेदी हे आजही दुय्यम काम समजले जाते. ते बहुधा कारकुनाकडे किंवा घरातील एखाद्या मोकळ्या माणसाकडे सोपवले जाते आणि त्याचे मूल्यमापन 'दर किती पाडला' एवढ्या एकाच कसोटीवर होते. ही कसोटी अपुरी आहे आणि ती आपल्याला महागात पडते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एक अनुभव

सिद्धांताआधी एक अनुभव सांगतो. त्यात दोष मुख्यतः माझाच होता.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी या तालुक्यातील धानाला मिळते, तसेच पुढे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, आरमोरीकडील शेतीलाही मिळते. धरणाच्या भोवती आणि नवेगावबांधच्या दिशेने जंगल आहे. हिरडा, बेहडा, आवळा, मोह, चार, बिब्बा, पळस, करंज ही या जंगलाची नित्याची झाडे. याच भागात माझा व्यवसाय असून सोबत छोटे औषधनिर्माणही आहे.

काही वर्षांपूर्वी त्रिफळा चूर्णासाठी लागणारा हिरडा व बेहडा मी एका मोठ्या शहरातील घाऊक व्यापाऱ्याकडून मागवला. दर इतरांपेक्षा कमी होता, उधारीची मुदत मोठी होती आणि माल वरकरणी बरा दिसत होता. पोती गोदामात रचली. आषाढाच्या पावसात खालच्या थरातून कुबट वास येऊ लागला. पोती उघडली तेव्हा बऱ्याच फळांवर बुरशी धरलेली होती. त्याआधी केलेल्या चूर्णाची एक बॅचही संशयास्पद ठरल्याने ती नष्ट करावी लागली. रुग्णांना मधल्या काळात बाजारातील तयार चूर्ण दिले. नेहमी येणारे एक वृद्ध शेतकरी चार आठवड्यांनी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यंदाचं चूर्ण मागच्यासारखं नाही." मी काही बोलू शकलो नाही.

नंतर त्या व्यापाऱ्याकडे चौकशी केली, तेव्हा त्याने दिलेले उत्तर आजही विसरता येत नाही. तो म्हणाला, "माल वाईट कसा असेल? तुमच्याच भागातला आहे." म्हणजे आमच्याच रानातील हिरडा आठवडी बाजारात विकला गेला, तेथून गावच्या व्यापाऱ्याकडे, मग आडतियाकडे, मग मोठ्या शहरातील गोदामात आणि अखेरीस रेल्वेने व ट्रकने परत माझ्याच दारी आला. या फेऱ्यात किती महिने गेले, तो कोणत्या पोत्यांत कशासोबत पडून होता आणि किती जुन्या मालात मिसळला गेला, हे व्यापाऱ्यालाही सांगता येईना. शारंगधराने वाळलेल्या वनस्पतींचे वीर्य वर्षानंतर आणि चूर्णाचे दोन महिन्यांनंतर क्षीण होऊ लागते असे म्हटले आहे. माझ्या हिरड्याचे वर्ष कदाचित माझ्या गोदामात येण्यापूर्वीच उलटून गेले असेल.

ओला माल का विकला जातो?

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी गोठणगाव परिसरातील काही संग्राहकांना भेटलो. माल ओला का येतो, असे मी एका वयस्क बाईंना विचारले. माझ्या प्रश्नात थोडा आरोपही होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "वाळवाले जागा कुठं हाय? अन् बाजाराच्या दिवशी पैसा लागते. वाळवून काय भेटते, वजनच कमी होते."

या एका वाक्यात संपूर्ण अर्थशास्त्र आहे, म्हणून ते आकड्यांत मांडतो. २५ टक्के ओलावा असलेला १०० किलो माल १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला, तर त्याचे वजन सुमारे ८३ किलो उरते. ओल्या आणि वाळलेल्या मालाला एकच दर, समजा किलोस २० रुपये, मिळत असेल, तर ओला विकणाऱ्यास २,००० रुपये मिळतात. आठ दिवस राखण करून वाळवणाऱ्यास मात्र सुमारे १,६७० रुपये मिळतात. म्हणजे जो काम चांगले करतो, त्यालाच आपण दंड करतो. वाळवणाऱ्याचे केवळ नुकसान होऊ नये एवढ्यासाठीसुद्धा वाळलेल्या मालाचा दर किलोस २४ रुपये हवा आणि त्याच्या श्रमाचे मोल त्यावर वेगळे. आपण १८ किंवा १९ रुपयांसाठी घासाघीस करत बसतो, तेव्हा प्रत्यक्षात आपण ओलावा, बुरशी आणि पुढील नुकसान विकत घेत असतो.

आपल्या जिल्ह्यात धानाची शासकीय खरेदी होते. तेथे ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे, हे लहान शेतकऱ्यालाही ठाऊक असते. केंद्रावर ओलावा मोजण्याचे यंत्र असते, नमुना घेतला जातो, माल चाळला जातो. पोटात जाणाऱ्या भातासाठी जी दक्षता समाजाने स्वीकारली आहे, ती रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या औषधासाठी आपण किती जण घेतो? हा प्रश्न प्रथम मी स्वतःला विचारला आणि उत्तर समाधानकारक नव्हते.

स्वस्त दर आणि खरा खर्च

खरेदीचा दर आणि वापरण्यायोग्य द्रव्याचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणादाखल असे मानू की एका ठिकाणी हिरडा ६० रुपये किलो मिळतो, परंतु माती, किडकी फळे, बुरशी आणि अतिरिक्त ओलावा मिळून त्यात २२ टक्के घट येते. दुसऱ्या ठिकाणी तोच ७२ रुपयांस मिळतो आणि घट ४ टक्के आहे. पहिल्या मालाचा वापरण्यायोग्य किलो सुमारे ७७ रुपयांस पडतो, दुसऱ्याचा ७५ रुपयांस. निवडण्याची मजुरी, पुन्हा वाळवण्याचा खर्च, अडकलेली जागा आणि बॅच बाद होण्याची जोखीम यांचा हिशोब यात अजून धरलेलाच नाही. रुग्णाचा विश्वास तर कोणत्याही खतावणीत लिहिता येत नाही. खरेदीमुळे संस्थेच्या मूल्यात भर पडते ती याच अर्थाने. तिची बचत बिलावर दिसत नाही, ती खलात आणि रुग्णाच्या अनुभवात दिसते.

उद्योगजगताला हे भान फार पूर्वी आले असेही नाही. १९८३ मध्ये पीटर क्राल्जिक यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या लेखात खरेदीने केवळ खरेदी न राहता पुरवठ्याचे व्यवस्थापन व्हावे, असे प्रतिपादन केले. त्यांनी दोन प्रश्न विचारायला सांगितले. एखादी वस्तू आपल्या उत्पन्नाच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे? आणि तिच्या पुरवठ्यात जोखीम किती आहे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून वस्तूंचे चार गट पडतात आणि प्रत्येक गटाची खरेदी वेगळ्या रीतीने करावी लागते. हा विचार आपल्या औषधालयास सहज लागू करता येतो.

पहिला गट कमी महत्त्वाच्या व सर्वत्र मिळणाऱ्या वस्तूंचा : बाटल्या, झाकणे, लेबले, पुड्यांचा कागद. येथे दर पाहून खरेदी करावी आणि त्यात फार वेळ घालवू नये. दुसरा गट महत्त्वाच्या पण सहज मिळणाऱ्या वस्तूंचा : साखर, गूळ, तीळतेल. येथे एकत्रित खरेदी करून दर कमी करून घेणे योग्य. तिसरा गट प्रमाणाने अल्प पण पुरवठ्याच्या दृष्टीने धोक्याचा : गुग्गुळ, अतिविष, कुष्ठ, ज्येष्ठमध. गुग्गुळाची वनस्पती आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे, कुष्ठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कठोर निर्बंध आहेत आणि ज्येष्ठमध मुख्यतः परदेशातून येते. येथे दर दुय्यम असून खात्रीचा पुरवठादार, पुरेसा साठा आणि शास्त्रसंमत प्रतिनिधी द्रव्यांचा आगाऊ विचार हे महत्त्वाचे. चौथा गट ज्यावर आपले औषधालय उभे आहे त्या द्रव्यांचा. माझ्यापुरते सांगायचे तर हिरडा, बेहडा, आवळा, गुळवेल, अर्जुनसाल, कुडा. येथे केवळ विक्रेता असून चालत नाही, दीर्घकाळाचा सहकारी लागतो.

आपली चूक अशी की आपण चारही गटांची खरेदी पहिल्या गटाच्या रीतीने करतो. बाटली आणि बेहडा या दोहोंसाठी आपला प्रश्न एकच असतो : "शेवटचा भाव काय?"

ग्रंथ काय सांगतात

याबाबतीत आपल्याला बाहेरून फार थोडे आणायचे आहे. कल्पस्थानाच्या प्रारंभीच चरकाचार्यांनी भूमीची परीक्षा, संग्रहाचा काळ आणि साठवण यांचा क्रम दिला आहे. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने वर्षा व वसंतात, साल, कंद व चीक शरदात, सार हेमंतात, फुले व फळे आपापल्या ऋतूत घ्यावीत, असे ते सांगतात. औषधागाराचे द्वार पूर्वेस किंवा उत्तरेस असावे, द्रव्ये योग्य भांड्यांत भरून शिंक्यावर ठेवावीत आणि अग्नी, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर व जनावरे यांपासून ती सुरक्षित राहावीत, इतक्या बारकाईने त्यांनी लिहिले आहे. माझी पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून रचलेली होती. दोन हजार वर्षांपूर्वीची सूचना मी पाळली असती तरी निम्मे नुकसान टळले असते.

वनस्पती कोणाकडून ओळखून घ्याव्यात, हेही संहितांनी सांगितले आहे : गुराखी, मेंढपाळ, व्याध, वनात हिंडणारे लोक. म्हणजे संग्राहक हा आपल्या ज्ञानपरंपरेच्या बाहेरचा मजूर नसून तिचा पहिला दुवा आहे. मधल्या काळात आपण हा दुवा गमावला. त्याच्या जागी आता एक पावती असते आणि तीवर फक्त द्रव्याचे व्यापारी नाव व वजन असते.

हा दुवा तुटल्याचे परिणाम सर्वज्ञात आहेत. अशोकाच्या सालीऐवजी शोभेच्या उंच 'अशोका'ची साल, वावडिंगाच्या नावाखाली त्याच कुळातील इतर फळे, हे प्रकार आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असतील. २०२० नंतर गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा तिच्याशी साम्य असलेल्या दुसऱ्या जातीही बाजारात आल्या. अखेर आयुष मंत्रालयाला नेमकी कोणती जाती वापरावी याविषयी सूचना काढावी लागली. त्यापूर्वी २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात, बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावर मतभेद झाले, रसौषधींचा मुद्दाही मांडला गेला. तथापि प्रत्येक वेळी आपल्याला एकच प्रश्न विचारला गेला : हे द्रव्य कोठून आले? या प्रश्नाचे लेखी उत्तर ज्याच्याजवळ आहे, तोच आपल्या शास्त्राची बाजू ठामपणे मांडू शकतो.

शारंगधराने गुळवेल, कुडा, अडुळसा इत्यादी काही द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत असे म्हटले आहे. हा नियम पाळायचा तर ती द्रव्ये शेकडो मैलांवरच्या पेठेतून येऊच शकत नाहीत. ती आपल्याच पंचक्रोशीतून यावी लागतील. म्हणजे जवळचा पुरवठा हा येथे केवळ सोयीचा नव्हे, तर शास्त्राज्ञेचा भाग ठरतो.

आता परिस्थिती बदलली आहे

पूर्वी थेट खरेदी करू इच्छिणाऱ्या वैद्यापुढे कायद्याच्या अडचणी होत्या. वनोपजावर कोणाचा अधिकार, वाहतुकीचा परवाना कोण देणार, हे स्पष्ट नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क वनात राहणाऱ्या समाजाला दिला आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपवला. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. त्यानंतर गोंदिया व गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपत्त्याची विक्रीही स्वतः हाती घेतली. ज्या गावांनी तेंदूपत्त्याचे लिलाव यशस्वी केले, त्यांना हिरड्याचे काही पोते निवडून, वाळवून देणे अवघड नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहापूरचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. तेथील कातकरी तरुणांनी वनधन योजनेचा आधार घेऊन गुळवेल गोळा करून वाळवण्याचे काम संघटितपणे सुरू केले आणि २०२१ मध्ये मोठ्या औषधकंपन्यांकडून सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागण्या मिळवल्या. मोठ्या कंपन्या जर थेट संग्राहकांपर्यंत पोहोचत असतील, तर जंगलाच्या शेजारी राहणाऱ्या आपण का पोहोचू नये?

जैवविविधता कायद्याचाही उल्लेख आवश्यक आहे. २००२ च्या मूळ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि संहिताबद्ध ज्ञानाच्या वापराला काही सवलती दिल्या आहेत. काही जणांनी त्याचा अर्थ 'आता गावाचे काही देणे लागत नाही' असा घेतला. कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटत नाही. ज्या झाडावर आपले औषध अवलंबून आहे, ते झाड पुढील वर्षी उभे राहावे, ही आपलीच गरज आहे. त्याचप्रमाणे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रातून वनस्पती आणलेली नाही, याची खात्री करून घेणे हेही खरेदीदाराचेच कर्तव्य आहे.

खरेदीदाराच्या वागण्याचा जंगलावर थेट परिणाम होतो. स्पर्धेपोटी अपक्व आवळा झोडपला जातो, चारोळीसाठी फांद्या तोडल्या जातात, मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि त्यात कोवळी रोपे जळतात. आपण ग्रामसभेला आगाऊ सांगितले की पक्व आवळ्यालाच पूर्ण दर मिळेल, जाळी आम्ही पुरवू, फांद्या तोडलेल्या झाडाचा माल घेणार नाही, तर तो उपदेश न राहता व्यवहार होतो. व्यवहाराची भाषा सर्वांना समजते.

आक्षेपांचा विचार

या विचारावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप : आमची गरज वर्षाला दोनचार क्विंटलची, आम्हाला कोण विचारणार? हे खरे आहे. एकट्या औषधालयाची मागणी अल्प असते. परंतु तालुक्यातील व शेजारच्या तालुक्यांतील दहा-बारा औषधालयांची पाचसहा द्रव्यांची मागणी एकत्र केली, तर ती एका ग्रामसभेच्या दृष्टीने लक्षणीय होते. एकत्रित मागणीसाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. आपली संघटना आहेच.

दुसरा आक्षेप : घाऊक व्यापारी उधारी देतो, शेकडो द्रव्ये एका ठिकाणी मिळतात, जोखीम तो उचलतो. हेही खरे आहे आणि म्हणून व्यापाऱ्याला साखळीतून काढून टाकावे असे मी मुळीच सुचवत नाही. गुग्गुळ, ज्येष्ठमध, अतिविष यांसाठी तो हवाच. प्रामाणिक व्यापाऱ्याची सेवा ही देखील मूल्यवृद्धीच आहे. त्याच्याकडून फक्त एक गोष्ट अधिक मागावी : मालाचा प्रदेश आणि संग्रहाचा हंगाम लेखी द्यावा. हे सर्वांनी मिळून मागितले, तर तो देईल. एकट्याने मागितले, तर हसेल.

तिसरा आक्षेप : आगाऊ रक्कम दिली आणि माल आला नाही तर? जोखीम आहेच. म्हणून पहिल्या वर्षी अल्प रक्कम द्यावी, ती व्यक्तीला नव्हे तर ग्रामसभेच्या किंवा बचतगटाच्या खात्यावर द्यावी आणि बाकी रक्कम माल तपासताच त्याच दिवशी चुकती करावी. संग्राहकाला आठवडी बाजाराच्या दिवशी पैसा लागतो, हे लक्षात ठेवले तर दर फारसा न वाढवताही आपण त्याला अधिक चांगला ग्राहक ठरतो. तीन महिन्यांनी मिळणाऱ्या २५ रुपयांपेक्षा आज मिळणारे २४ रुपये त्याला अधिक मोलाचे असतात.

काही सूचना

संघटनेच्या विचारार्थ पुढील सूचना नम्रपणे मांडतो.

१) प्रत्येक औषधालयाने आपली वीस मुख्य द्रव्ये निवडून त्यांची वरीलप्रमाणे चार गटांत विभागणी करावी. हे काम एका दुपारचे आहे.

२) मुख्य द्रव्यांसाठी एका पानाचे खरेदी-मानक लिहावे : वनस्पतीचे शास्त्रीय नाव, ग्राह्य अंग, संग्रहाचा हंगाम, ओलाव्याची व बाह्य द्रव्याची मर्यादा. आयुर्वेदीय भेषजसंहितेतील मानके आपल्यापुढे आहेतच. शिसे १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा वनस्पतिज द्रव्यांना लागू आहेत.

३) आवक-नोंदवहीत गाव, संग्राहक गट, संग्रहाचा महिना, आवक दिनांक आणि पोत्यावरील क्रमांक लिहावेत. शेड्यूल टी नुसार परवानाधारक फार्मसींना नोंदी ठेवाव्याच लागतात. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या वैद्याला त्यातून सूट असली, तरी या नोंदी त्यानेही ठेवाव्यात. सूट ही परवान्यातून आहे, जबाबदारीतून नाही.

४) संघटनेने ओलावा मोजण्याची दोन यंत्रे घेऊन ती सभासदांना आळीपाळीने द्यावीत आणि संशयास्पद नमुन्यांच्या तपासणीसाठी एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागाशी व मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी व्यवस्था करावी.

५) हिरडा, बेहडा व आवळा या तीनच द्रव्यांनी एकत्रित खरेदीचा प्रारंभ करावा. एका ग्रामसभेशी एका हंगामाचा लेखी करार करावा आणि वाळवण्यासाठी उंच मांडव व ताडपत्र्या यांचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा.

त्रिफळाच का, असे कोणी विचारील. तिच्यावाचून आपला एकही दिवस जात नाही आणि ती आपल्या दारातच आहे. योगायोग असा की इटियाडोहच्या परिसरात १९७० च्या दशकापासून तिबेटी वसाहत आहे आणि तिबेटी वैद्यकातही हिरड्याला औषधांचा राजा मानतात. २०१० मध्ये सोवा-रिग्पा या नावाने त्या वैद्यकाला भारतात कायदेशीर मान्यता मिळाली. एकाच रानातील एका फळावर दोन वैद्यकपरंपरा अवलंबून असताना त्या फळाच्या वाळवणाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसावे, हे आपल्याला भूषणावह नाही.

समारोप

झाडीपट्टीला पाण्याच्या साठवणीचे शास्त्र कोणी शिकवावे लागले नाही. पाऊस चार महिने पडतो आणि धानाला पाणी हवे तेव्हाच हवे, हे ओळखून येथील पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले आणि पुढे इटियाडोह उभे राहिले. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी मात्र आजही विचारतो, "आमच्यापर्यंत पाणी येईल ना?" त्याला धरणाची उंची किती याच्याशी कर्तव्य नसते. औषधाच्या बाबतीत शेवटच्या टोकावर आपला रुग्ण बसलेला आहे. त्याला आपला खरेदीचा दर ठाऊक नसतो, व्यापाऱ्याचे नावही ठाऊक नसते. चूर्ण मागच्यासारखे आहे की नाही, एवढेच त्याला कळते.

त्या वृद्ध शेतकऱ्यांना पुढील हिवाळ्यात आम्ही गोठणगावकडून आणलेल्या, डोळ्यांसमोर वाळवलेल्या हिरड्याचे चूर्ण दिले. ते काही बोलले नाहीत. महिन्याने येऊन त्यांनी तेच चूर्ण आणखी मागितले आणि शेजाऱ्यासाठीही एक पुडी नेली.

एकत्रित खरेदीच्या या सूचनेवर सभासदांनी आपली अनुकूल वा प्रतिकूल मते अवश्य कळवावीत. हिरड्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी निर्णय झाला, तरच त्याचा उपयोग आहे.